बटाट्यातला मावा आणि मित्रकीटक: किती सोडायचे, कधी, आणि नेमकं कुठे फसतं?

सरीवरंबा
"क्रायसोपाच्या अळ्या सोडा, मावा आटोक्यात येतो" हे वाक्य सगळीकडे सापडतं, त्यापुढचं मात्र कुठेच नाही. (मावा म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, क्रायसोपा म्हणजे जाळीदार पंखांचा मित्रकीटक, ज्याच्या अळ्या मावा खातात.) हेक्टरी किती सोडायच्या? लागवडीनंतर कितव्या दिवशी? अंडी घ्यायची की अळ्या? आणि करप्यासाठी दर आठ-दहा दिवसांनी बुरशीनाशक मारावंच लागतं, त्यात या अळ्यांचं काय होतं? बटाटा ६० × २० सेंमीवर आहे आणि मुख्य त्रास हिरव्या माव्याचा. ज्यांना आकडे माहीत आहेत त्यांनी लिहावं. "निसर्गाचा समतोल" वगैरे नको, प्लीज.

भिंगवाला
आकड्यांच्या आधी एकच विचारतो: बटाटा खायचा आहे की बेण्याचा? उत्तर त्यावर पूर्ण बदलतं.

खायच्या बटाट्यात मावा रस शोषतो, त्याच्या चिकट्यावर काजळी चढते, आणि तुमचं भांडण माव्याच्या संख्येशी असतं. तिथे भक्षक कीटक खरंच उपयोगी पडतात. बेण्याच्या प्लॉटमध्ये भांडण विषाणूशी असतं. वाय विषाणू (पीव्हीवाय) पसरवायला माव्याला पानात सोंड खुपसून चव बघायचे काही सेकंद ते मिनिटं पुरतात. ढालकिडा (मावा खाणारा ठिपक्यांचा गोल भुंगेरा, लेडीबर्ड) त्याला पुढच्या पाच मिनिटांत खाईल, पण तोवर काम झालेलं असतं. पान गुंडाळणाऱ्या विषाणूची (पीएलआरव्ही) गोष्ट थोडी वेगळी. तो उचलायला माव्याला बराच वेळ रस प्यावा लागतो, मग विषाणू त्याच्या अंगात फिरून लाळेत यायलाही वेळ जातो, म्हणून संख्या कमी ठेवली तर प्लॉटमधला पसार कमी होतो.

आणखी एक गंमत. ढालकिड्याने माव्याला धरलं की मावा पोटामागच्या दोन नळ्यांतून एक थेंब सोडतो. त्याचा वास लागला की शेजारचे मावे सोंड काढून खाली पडतात आणि चालत दुसऱ्या झाडावर जातात. बेण्याच्या प्लॉटमध्ये हे चालणं तुम्हाला नकोच आहे. तिथे लवकर लागवड, रोगट झाडं उपटणं, माव्याची संख्या वाढायला लागली की वेळेत पाला कापणं, हीच मुख्य हत्यारं. मित्रकीटक फार तर जोडीला.

सरीवरंबा
खायचा. बेणं बाहेरून आणलेलं.

मावामोजणी
मग गणित मांडू या. ६० × २० सेंमी म्हणजे झाडाला ०.१२ चौ.मी., म्हणजे हेक्टरी साधारण ८३,००० झाडं. क्रायसोपाच्या अळ्या चौरस मीटरला ५ धरल्या तर हेक्टरी ५०,०००. ऐकायला मोठा आकडा, पण दर झाडाला एक अळीसुद्धा येत नाही.

आता दोन परिस्थिती बघा. झाडाला सरासरी ५ मावे असताना सोडल्या तर शेतात मावे सव्वाचार लाखांच्या आत. एका अळीने कोषात जाईपर्यंत २०० मावे खाल्ले असं धरू (भरपूर खाद्य असेल तर त्याहून जास्तही खाते) आणि निम्म्या अळ्या वाया गेल्या असं धरू. तरी ५० लाख माव्यांची भूक शेतात उतरली. आरामात जिंकता.

झाडाला ५० मावे झाल्यावर सोडल्या तर शेतात आधीच साडेएक्केचाळीस लाख मावे आहेत. उबदार हवेत माव्याचं पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतं, नराची गरज नाही, अंड्याची भानगड नाही. अळीची खरी भूक तिच्या तिसऱ्या आणि शेवटच्या अवस्थेत असते. ती एकूण खाण्याचा बहुतांश भाग तिथेच खाते. म्हणजे सोडल्यापासून पहिले चार-पाच दिवस तुम्हाला फारसं काही मिळत नाही आणि मावा तेवढ्यात दुप्पट होतो. इथेच "सोडल्या पण उपयोग झाला नाही" हे वाक्य जन्माला येतं. अळ्या खराब नसतात, तारीख चुकलेली असते.

तेव्हा कितव्या दिवशी याचं उत्तर दिवसात नाहीच. उगवणीनंतर दर चार दिवसांनी मोजा, आणि १० झाडांमागे चार-पाच झाडांवर मावा दिसायला लागला, पण वसाहती अजून छोट्या आहेत, तेव्हा पहिली खेप. दुसरी खेप ८-१० दिवसांनी. दोन खेपांत विभागणं एका मोठ्या खेपेपेक्षा बरं, कारण एखादी खेप पावसात किंवा फवाऱ्यात वाया जाते.

भिंगवाला
वरच्या गणितात एक भर: तापमान. मावा ४-५ अंशांपासूनच वाढायला लागतो. क्रायसोपा आणि ढालकिड्यांची वाढ साधारण १० अंशांच्या खाली जवळपास थांबते. बटाटा हे थंडीचं पीक. रात्री थंड आणि दिवस कोवळे असतील त्या पंधरवड्यात मावा पुढे पळतो आणि भक्षक मागे राहतो. दिवसाची सरासरी १५-१६ च्या वर असेल तरच विकत घेऊन सोडण्यात अर्थ आहे.

पानामागचा
मोजायचं कसं ते लिहितो, कारण बहुतेक जण चुकीच्या पानावर मोजतात.

शेतात डब्ल्यूच्या आकारात चालायचं, कडेच्या दोन ओळी सोडून. ३३-३४ झाडं थांबून बघायची, प्रत्येकाचं एक वरचं, एक मधलं, एक खालचं संयुक्त पान. झाली शंभर पानं. पान तोडायचं नाही, देठाला धरून हळूच उलटायचं. झटका दिला की मावा पडतो. हिरवा मावा (मायझस) बहुतेकदा खालच्या, जुन्या पानांच्या मागे बसतो. शेंडे बघून "मावा नाही" असं ठरवणारे तिथेच फसतात. बटाट्यावरचा मोठा, लांबट मावा (मॅक्रोसायफम) मात्र वर, शेंड्याजवळ आणि फुलांच्या देठावर असतो.

मोजताना मित्र आणि शत्रू नीट ओळखा. बटाट्यात सगळ्यात महागात पडणारी गल्लत म्हणजे ढालकिडा आणि एपिलॅक्ना भुंगेरा. दोन्ही गोल, दोन्ही ठिपक्यांचे. एपिलॅक्ना पानं खातो. फरक असा:

सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची पाठ तकतकीत, लाल, उजेडात चमकते. एपिलॅक्नाची पाठ मळकट तांबूस, त्यावर बारीक लव असल्यामुळे चमक नाही, आणि ठिपके एकूण २८ पर्यंत. अळ्यांमध्ये तर चूक व्हायलाच नको: ढालकिड्याची अळी काळसर, नारिंगी डागांची, छोट्या मगरीसारखी आणि भराभर चालणारी, एपिलॅक्नाची पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, जागची फार हलत नाही. पानावर हिरवा भाग खरवडून जाळी उरली असेल तर ते ढालकिड्याचं काम नाहीच. अंडी दोघांचीही पिवळी आणि उभी. ढालकिड्याची एकमेकांना चिकटून, एपिलॅक्नाची जरा सुटी सुटी. अंड्यावरून निर्णय घेऊ नका, दोन दिवस थांबून अळी बघा.

सिरफिड माशीची अळी म्हणजे बिनपायाची, हिरवट, एका टोकाला निमुळती. अनेक जण तिला पान खाणारी अळी समजून चिरडतात. तिच्या आजूबाजूला माव्यांच्या रिकाम्या कातड्या आणि काळसर डिंकासारखी विष्ठा दिसेल. तिला राहू द्या.

सरीवरंबा
हे उत्तम. बाटली उघडल्यापासून पुढचं कोणी लिहील का?

तुसातली_अळी
लिहितो. आधी अंडी की अळ्या: अंडी स्वस्त आणि वाहतुकीला सोपी, पण शेतात उबण्याआधी मुंग्या उचलून नेतात. बटाट्यात दुसऱ्या वयाच्या अळ्या जास्त भरवशाच्या.

माल आला की आधी तपासणी. अंडी असतील तर शंभर अंडी मोजून झाकणाच्या डबीत, २५ अंशांच्या आसपास ठेवा. ताजं अंडं फिकट हिरवं, उबायच्या आदल्या दिवशी राखाडी, उबल्यावर पांढरं टरफल. ३-४ दिवसांत किती टरफलं रिकामी झाली ते मोजा. ८० उबली तर पुढच्या खेपेची मात्रा त्या हिशेबाने वाढवा. डबीत दोन-तीन दिवस ठेवलं की पहिल्या उबलेल्या अळ्या बाकीची अंडी खायला लागतात, तेव्हा दिवसातून दोनदा मोजून अळ्या बाहेर काढा. नाहीतर आकडा खोटा येतो.

अळ्या असतील तर थांबूच नका. एकमेकींना खातात. आल्या त्याच संध्याकाळी सोडायच्या. अगदीच अडलं तर १०-१२ अंशांच्या गार जागी रात्रभर; फ्रीजच्या बर्फाळ कप्प्यात नको.

सोबत भरण असतंच, कमी वाटलं तर भाताचा कोरडा तूस मिसळा. तूस हवा तो दोन कारणांसाठी: अळ्यांना एकमेकींपासून लपायला जागा, आणि तुम्हाला पसरवायला माप. बाटली आडवी धरून हळूहळू गोल फिरवायची, उलटीपालटी हलवायची नाही, कारण अळ्या तळाशी जातात आणि पहिल्या ओळीला नुसता तूस, शेवटच्या ओळीला सगळ्या अळ्या असं होतं. पसरण्याआधी बाटलीतला एक चमचा तूस पांढऱ्या कागदावर ओतून अळ्या मोजा. म्हणजे कळतं चमच्याला किती, आणि किती झाडांना एक चिमूट.

वेळ संध्याकाळची. चिमूट मधल्या पानांवर टाकायची, जमिनीवर नाही. पान किंचित दमट असेल तर तूस चिकटतो. पाणी निथळत असेल तर अळ्या थेंबात अडकून मरतात. मावा जास्त असलेल्या झाडांवर काठी रोवून खूण केली असेल तर तिथे दुप्पट. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तुषार सिंचन बंद.

अवांतर: हाताला चावतात. टोचल्यासारखं वाटतं, काही होत नाही.

काळीमाती
मुंग्यांबद्दल +१. खोडावर मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर आधी वारूळ शोधा. माव्याच्या चिकट्यासाठी त्या राखण करतात आणि क्रायसोपाची अंडी, लहान अळ्या उचलतात.

नोझल
फवारणीचा प्रश्न कोणी घेतला नाही, घेतो. इथेच खरं फसतं.

सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं कीटकनाशक मारलं की खेळ संपला. भक्षक मरतात, आणि हिरव्या माव्याच्या कित्येक वाणांत त्याला प्रतिकार असल्यामुळे मावा जगतो. दोन आठवड्यांनी मावा आधीपेक्षा जास्त. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामची बेणेप्रक्रिया केली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे सोडायची गरजच नसते. शिवाय ओरियससारखे भक्षक ढेकूण, जे खाद्य नसलं की झाडाचा रसही पितात, ते त्या रसातूनच मरतात. मावा हाताबाहेर गेला आणि काहीतरी मारावंच लागलं तर फ्लोनिकामिड किंवा पायमेट्रोझिन हे माव्याचं खाणं थांबवणारे पर्याय भक्षकांना बऱ्यापैकी सोसतात. लेबलवर बटाटा आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे आधी वाचा.

बुरशीनाशकं. करप्याशी तडजोड करू नका, करपा एका आठवड्यात पीक झोपवतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मॅन्कोझेब भक्षक कोळ्यांना (माइट्सना) मारतं. ढालकिड्यांना तेवढं नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे: दमट हवेत माव्याला स्वतःचा बुरशीजन्य रोग होतो, मावा पानाला चिकटून फुगतो आणि तपकिरी पडतो. करप्याची बुरशीनाशकं या उपयोगी बुरशीलाही दाबतात. म्हणून बुरशीनाशकांच्या शेतात कधीकधी मावा जास्त दिसतो, आणि लोक भक्षकांना दोष देतात.

क्रम असा ठेवा: बुरशीनाशक, पूर्ण वाळू द्या, दोन दिवसांनी संध्याकाळी अळ्या. म्हणजे पुढच्या फवारणीपर्यंत त्यांना सहा-आठ दिवस मिळतात. पुढच्या फवारणीत दाब कमी आणि तुषार जरा जाड. जास्त दाबाचा फवारा नुसत्या पाण्याचा असला तरी अळ्या खाली पाडतो.

सरीवरंबा
निंबोळी अर्क चालेल ना? तो तर सेंद्रिय.

नोझल
सेंद्रिय आहे म्हणून मऊ आहे असं नाही. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टीन कात टाकण्यात अडथळा आणतं, आणि कात फक्त मावाच टाकत नाही. ढालकिड्याच्या आणि क्रायसोपाच्या लहान अळ्याही टाकतात. सोडण्याच्या आठवडाभर आधी मारलेलं चालतं, सोडल्यावर नको. साबणाचं पाणी ज्याच्या अंगावर पडेल त्याला मारतं, वाळल्यावर काही नाही, म्हणून सोडण्याच्या आदल्या दिवशी फक्त दाट वसाहतींवर मारायला ते चांगलं. बेण्याच्या प्लॉटमध्ये वाय विषाणूसाठी खनिज तेल मारतात, तेही मऊ अळ्यांना आणि सिरफिडच्या अंड्यांना गुदमरवतं. तेलाचा कार्यक्रम चालू असेल तर अळ्यांवर पैसे घालू नका.

बांधावरचा
ढालकिड्यांचे प्रौढ का सोडत नाही? अळ्यांपेक्षा दिसतात तरी.

भिंगवाला
दिसतात, आणि उडून जाताना पण दिसतात. थंडीत झुंडीने बसलेले ढालकिडे गोळा करून विकतात, त्यांची सवयच आधी पांगायची आणि मग खायची. बरेच दोन-तीन दिवसांत शेताबाहेर. त्यांच्यात परोपजीवी माशी (डिनोकॅम्पस) घेऊन येणारेही असतात. सोडायचेच असतील तर पिंजऱ्यात वाढवलेल्यांच्या अळ्या. आणि आपल्या भागात मुळात नसलेली जात कधीच नको. हार्मोनिया ॲक्सिरिडिस हा आशियातला ढालकिडा माव्यासाठी उत्तर अमेरिका आणि युरोपात मुद्दाम सोडला गेला आणि तिथल्या स्थानिक ढालकिड्यांनाच भारी पडला.

दुसरं, ढालकिडे क्रायसोपाची अंडी खातात. दोन्ही एकदम विकत घेऊन सोडणं म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या पुढे ठेवणं.

काळीमाती
फुकटचे भक्षक हवेत तर फुलं लावा. क्रायसोपर्लाचे (ज्याला आपण क्रायसोपा म्हणतो त्याचे) प्रौढ आणि सिरफिड माशी मध-पराग खातात, मावा नाही. मावा खातात त्या त्यांच्या अळ्या. धणे, शेपू, बडीशेप यांची उघडी छोटी फुलं त्यांच्या तोंडाला सोयीची. पण धण्याला फुलायला दीड-दोन महिने लागतात. बटाट्याबरोबर पेराल तर बटाट्याचा निम्मा हंगाम उलटल्यावर फुलेल, काही उपयोग नाही. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी कडेने पट्टा पेरा, आणि आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत.

मोहरी मात्र टाळा. फुलं छान असली तरी हिरवा मावा मोहरीवर्गावरही जगतो. तुम्ही त्याला शेजारी घर बांधून देता.

भर लावून झाल्यावर सरीत पेंढ्याचं आच्छादन घातलं तर दोन फायदे: भुईवरचे भुंगेरे आणि कोळी दिवसा त्यात लपतात, आणि उघड्या मातीवर ठळक दिसणारं कोवळं हिरवं रोप उडत्या माव्याला तेवढं ठळक दिसत नाही. उंदीर आणि गोगलगायींचा त्रास असेल तिथे पेंढा नको.

बांधावरचा
पाकोळीवर (कंद पोखरणाऱ्या अळीवर) हेच किडे चालतात का?

पानामागचा
फारसे नाही. पाकोळीची अळी उबल्यावर लगेच पानात किंवा कंदात शिरते, भक्षकाला सापडते ती अंडी असताना किंवा जमिनीवर चालताना तेवढीच. तिथे परोपजीवी कामाचे: कोपिडोसोमा आणि केलोनस. दोन्ही पाकोळीच्या अंड्यात अंडी घालतात आणि अळी मोठी झाल्यावर तिला संपवतात. कोपिडोसोमाच्या एका अंड्यातून अनेक माश्या तयार होतात, एका अळीची नुसती पिशवी उरते. त्याआधी मातीच्या भेगा बुजवा. कंद उघडा असेल तर कुठलाच कीटक तुम्हाला वाचवत नाही.

तुडतुड्यांवर तर मित्रकीटकांच्या भरवशावर राहूच नका, फार चपळ असतात.

भिंगवाला
कोलोरॅडो भुंगेरा जिथे आहे (पिवळ्या पाठीवर दहा काळे पट्टे) तिथल्या वाचकांसाठी: क्रायसोपा त्यावर तोकडा पडतो. पेरिलस आणि पोडिसस हे भक्षक ढेकूण त्याची अंडी आणि लहान अळ्या सोंडेने शोषतात. लेबिया ग्रँडिस हा भुंगेरा तर दोन्हीकडून मारतो: प्रौढ अंडी-अळ्या खातो, आणि त्याची अळी मातीतल्या कोषावर जगते. ढेकणांची पिल्लं पहिले नारिंगी अंडीपुंज दिसल्याबरोबर सोडायची. अळ्या मोठ्या, गोलमटोल झाल्या की हरलात. लहान अळ्यांवर बीटी या जिवाणूचा टेनेब्रिओनिस प्रकार मारता येतो, तो ढेकणांना त्रास देत नाही.

सरीवरंबा
शेवटचं: काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतच नाहीत म्हणतात.

मावामोजणी
दिसणार नाहीत. काही मिमीची अळी पानामागे शिरेच्या कडेला लपते. ती शोधू नका, मावा मोजा. सोडण्याआधी २० झाडांना दोरा बांधा, आणि शेताच्या एका टोकाला सहा ओळी काहीच न सोडता ठेवा, तिथेही २० झाडं. सोडल्यावर सहाव्या आणि बाराव्या दिवशी दोन्हीकडे तीच पानं मोजायची. सहाव्या दिवशी फरक नसेल तर घाबरू नका, अळ्या आता कुठे मोठ्या होत आहेत. बाराव्या दिवशीही नसेल तर अळ्या पोचल्या नाहीत किंवा मेल्या.

भिंगाखाली तीन गोष्टी वेगळ्या काढा. पांढरी, हलकी, माव्याच्या आकाराची पोकळ कात: ती मावा वाढतोय याची खूण, मेल्याची नाही. आक्रसलेलं, काळपट, चुरगळलेलं कातडं: हे शोषलेलं, हे तुमचं. आणि फुगलेला, कागदी, बदामी रंगाचा मावा, त्याला गोल भोक: त्याच्यातून परोपजीवी माशी बाहेर पडली, ती तुम्ही सोडलेली नसली तरी जमेला धरा.

नोझल
न सोडलेल्या सहा ओळी वाऱ्याच्या दिशेने वरच्या टोकाला ठेवू नका. उडता मावा तिथे आधी उतरतो आणि तुलना तिथेच बिघडते. मध्ये ठेवा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन ओळी मोजू नका, कारण अळ्या नाही पण ढालकिडे तिकडून इकडे येतातच.